आयफ्रेमची उंची मोजताना

काम साधं वाटत होतं. वेबपानात एक आयफ्रेम (पानाच्या आत दुसरं पान दाखवणारी चौकट), तिच्यात एक फॉर्म; फॉर्म जेवढा उंच तेवढीच फ्रेम करायची, म्हणजे आत वेगळा स्क्रोलबार येणार नाही. कन्टेन्टडॉक्युमेन्टमधून (फ्रेमच्या आतल्या पानातून) बॉडीची, म्हणजे पानाच्या मजकुराच्या भागाची, स्क्रोलहाइट (आतल्या मजकुराची पूर्ण उंची) वाचणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. उत्तर दर वेळी 150. फॉर्ममध्ये दोन रकाने असोत की वीस.

उंची-रुंदी दिली नाही तर ब्राउझर आयफ्रेमला 300 बाय 150 पिक्सेल देतो, हे आठवलं तेव्हा उलगडा झाला. मी रिकामी फ्रेम मोजत होते! खरं पान येईपर्यंत आत ‘अबाउट:ब्लँक’ हे कोरं पान असतं. त्याला बाहेरच्या पानाचाच ओरिजिन (पान कुठून आलं याची ओळख) मिळतो, म्हणून एरर येत नाही, मुकाट्याने चुकीचा आकडा येतो. रेडीस्टेट (पान कितपत लोड झालं ते सांगणारी नोंद) तपासूनही उपयोग नाही. कोऱ्या पानाचाही तो ‘कम्प्लीट’च असतो. लोड इव्हेंटनंतर, म्हणजे खरं पान पूर्ण आल्याची सूचना मिळाल्यावर, मोजलं आणि खरी उंची मिळाली.

पुढे फॉर्म दुसऱ्या सबडोमेनवर हलवला, आणि कन्टेन्टडॉक्युमेन्ट थेट ‘नल’, म्हणजे काहीच नाही. कन्टेन्टविंडोवरून (फ्रेमच्या विंडोवरून) डॉक्युमेन्ट मागितलं तर सिक्युरिटी एरर. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही जुळले तरच ओरिजिन एक. अडले तरी हा नियम मला मनापासून पटतो. तो नसता तर कुठल्याही पानाने आपलं मेलचं पान फ्रेममध्ये उघडून पत्रं वाचली असती.

मग दिशा उलटी केली. आतलं पानही आमच्याच हातात होतं, तेव्हा उंची त्यानेच मोजायची आणि पोस्टमेसेजने (पानांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या सोयीने) बाहेर कळवायची. फॉर्म वाढला-घटला की कळावं म्हणून आत रिसाइझऑब्झर्व्हर लावला. बाहेर, मेसेज घेण्याआधी इव्हेंटचा ओरिजिन तपासला. पाठवतानाही कोणाला पाठवायचं तो ओरिजिन पूर्ण लिहिला, ‘कोणालाही चालेल’ अशा अर्थाचं नुसतं ‘*’ नाही. ही तपासणी कृपया गाळू नका. मेसेज कुठलंही पान पाठवू शकतं.

तरी एक खोड उरलीच. फ्रेम वाढायची, पण फॉर्मचा भाग मिटला तरी आकसायची नाही. मी डॉक्युमेन्टएलिमेन्टची (पानाच्या सर्वांत बाहेरच्या घटकाची) स्क्रोलहाइट पाठवत होते, आणि ती फ्रेमच्या उंचीपेक्षा कधीच कमी भरत नाही. बॉडीची ऑफसेटहाइट (घटकाची स्वतःची उंची) घेतली, तर 16 पिक्सेल कमी पडले: बॉडीचं वरचं आणि खालचं 8-8 पिक्सेलचं मार्जिन (कडेची मोकळी जागा) तिच्यात धरलं जात नाही. शेवटी डॉक्युमेन्टएलिमेन्टचीच ऑफसेटहाइट पाठवली. भाग मिटवला, आणि फ्रेम त्याच्याबरोबर खाली आली.