सायकलने वणीचा गड: ग्रुपबरोबर पहिल्यांदा घाट चढणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सायकलवाल्यांमध्ये 'गड करून आलो' असं कुणी म्हणालं की कुठला गड, हे विचारावं लागत नाही. गड म्हणजे सप्तशृंगीचा. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि तिथून घाटाने वर. एका बाजूने साठ-पासष्ट किलोमीटर, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास. डिसेंबरातल्या एका रविवारी ग्रुपबरोबर मी हा गड केला. मी ऑफिसला सायकलने जाणारी, सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरण नाहीतर त्र्यंबकपर्यंत चक्कर मारणारी बाई. स्पर्धेच्या वाटेला कधी गेलेली नाही. ग्रुपमधले निम्मे लोक माझ्यापेक्षा बरेच वेगवान होते, काहींनी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) केलेल्या. अशा लोकांबरोबर जायचं म्हटलं की 'आपल्यामुळे सगळे खोळंबतील' ही धास्ती असते. याच धास्तीने मागे राहिलेल्या बऱ्याच जणी आणि बरेच जण मला माहीत आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: सपाटीवर ग्रुप सोडू नका आणि घाटात ग्रुप धरू नका.

पहाटे पाचला निघालो. डिसेंबरात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिले दोन तास अंधाराचेच. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारं जॅकेट, यातलं एक जरी नसेल तरी आमचे राईड लीडर निघू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दिंडोरी रोडला त्या वेळी भाजीच्या पिकअप, दुधाच्या गाड्या आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. तुमचा पुढचा दिवा नुसता 'मी आहे' सांगणारा नको, रस्ता दाखवणारा हवा. म्हसरूळ सोडलं की रस्त्यावरचे दिवे संपतात आणि खड्डा अगदी चाकाखाली आल्यावर कळतो.

ग्रुपमध्ये चालवायची सवय नसेल तर आदल्या रविवारी एखादी छोटी राईड त्यांच्याबरोबर करून घ्या. पुढच्याच्या चाकामागे एक सायकलभर अंतर ठेवायचं, चाकाला चाक घासेल इतकं जवळ जायचं नाही, अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढचा 'खड्डा!' ओरडला की तेच आपण मागच्यासाठी ओरडायचं. मागून ट्रक आला की शेवटचा माणूस 'गाडी!' म्हणतो आणि सगळे एका ओळीत येतात. अंधारात हाताच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून तोंडाने ओरडणंच खरं. सुरुवातीला लाज वाटते. वाटू देऊ नका, मागच्याची हाडं त्या ओरडण्यावर अवलंबून असतात.

ग्रुपचा खरा फायदा इथे, सपाटीवर आहे. सायकल ताशी पंचवीसने चालली असेल तर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे नीट राहिलं तर त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग वाचतो. वणीपर्यंतच्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये ही बचत मोठी होते. मी मुद्दाम मधल्या जागी राहिले, पुढे जाऊन वारा घ्यायचा मोह टाळला. नव्या माणसाने पुढे ओढायला गेलं पाहिजे असं कुणी म्हणत नाही. कुणी म्हणालंच तर सरळ सांगा, 'दादा, मी घाटासाठी राखून ठेवतेय.'

दिंडोरीच्या अलीकडे-पलीकडे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बागा डिसेंबरात मण्यांवर आलेल्या असतात, आणि कडाका वाढला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर खाली, रस्त्याच्या अंगाला साचून राहतो. चष्मा लावणाऱ्यांना त्या धुक्या-धुरात फार त्रास होतो, एक मऊ फडकं हाताशी ठेवा. थंडीसाठी जाड स्वेटर नको, वीस मिनिटांत घाम येतो आणि मग तोच गार पडतो. आत घाम शोषणारा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर, कान झाकणारी पट्टी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबता येत नाहीत, एवढ्यासाठी तरी हातमोजे घ्याच.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: वणीच्या आधी मिसळ नाही. नाशिकच्या माणसाला हे जड जाईल, पण तर्री पोटात घेऊन घाट चढणं म्हणजे छळ. निघताना दोन केळी, मग दर पाऊण तासाने काहीतरी छोटं: राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर. भूक लागेपर्यंत थांबू नका. तीन-चार तास सायकल चालवताना शरीराला तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट-साखर लागते, एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असते, यावरून हिशोब लावा. थंडीत तहान कळत नाही, तरी तासाला अर्धी बाटली गेलीच पाहिजे. दोन बाटल्या असू द्या, एकीत साधं पाणी, दुसरीत इलेक्ट्रल.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट, जी वृत्तांतांत कुणी लिहीत नाही. शौचालयाची सोय पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या हॉटेलातच धरायची, आणि पहाटे तीही कधी कधी कुलूपबंद असते. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नाही. राईड लीडरला आधीच सांगून ठेवा की कुठे थांबायचं आहे. आमच्या ग्रुपने दिंडोरी आणि वणी असे दोन थांबे ठरवूनच ठेवले होते. त्यामुळे कुणालाही वेगळं विचारावं लागलं नाही.

वणीत चहा झाला. गावातल्या जगदंबेला बाहेरूनच नमस्कार केला आणि नांदुरीच्या रस्त्याला लागलो. इथपासून जमीन हळूहळू वर जायला लागते. डोळ्यांना सपाट दिसतं, पण गिअर एक-एक खाली येत जातो. पुष्कळ जण इथेच फसतात. वेग का पडला म्हणून जोर लावतात आणि नांदुरीला पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. वेग पडू द्यावा. समोर सप्तशृंगाचे उभे कडे आणि शेजारी मार्कंडेयाचा डोंगर दिसायला लागतो. मार्कंडेय ऋषी तिथून सप्तशती म्हणतात आणि देवी मान कलती करून ऐकते, अशी कथा आहे. मूर्तीची मान खरंच किंचित कललेली आहे. पायांकडे लक्ष जायला लागलं की त्या डोंगराकडे बघावं.

नांदुरी म्हणजे पायथा. वर सुमारे दहा किलोमीटर घाट. इथे पाच मिनिटं थांबा: विंडचीटर काढून पिशवीत, बाटल्या भरून, एक चिक्की तोंडात. आणि इथेच ग्रुप सोडून द्या.

याचं कारण साधं आहे. घाटात वेग ताशी आठ-दहावर येतो, हवेचा अडथळा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे कुणाच्या मागे राहून काही वाचत नाही. सगळी ताकद स्वतःला आणि सायकलीला वर उचलण्यात जाते. दीडपट वेगाने चढायचं तर ताकदही जवळपास दीडपट लागते. म्हणजे पुढचा बारा-चौदाने चढतोय म्हणून त्याच्याबरोबर पहिलं वळण काढलं, तर त्याची किंमत सगळी तुमच्याकडूनच वसूल होते, त्याच्याकडून तुम्हाला काहीच मिळत नाही. आमच्यातले स्वीप काका, म्हणजे सगळ्यात शेवटी राहून मागे पडलेल्यांना घेऊन येणारे, पायथ्याशी मला एवढंच म्हणाले, "ताई, बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की गिअर खाली." मी घाटभर तेवढंच पाळलं. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, शब्द तुटायला लागले तर जास्त.

गिअरबद्दल निघण्याआधीच बघा, घाटात उपाय नसतो. पुढे तीन चकत्यांची हायब्रिड (रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली सायकल) असेल, लहान चकती अठ्ठावीस दात्यांची आणि मागची सर्वात मोठी चौतीसची, तर काळजी नाही. मिनिटाला पेडलच्या सत्तर फेऱ्या मारत ताशी साडेसात किलोमीटरने निवांत चढता येतं. रोड बाईकला पुढे चौतीस आणि मागे अठ्ठावीस दाते असतील तर त्याच सत्तर फेऱ्यांना ताशी साडेदहा होतात. ते जमत नसेल तर फेऱ्या पन्नासवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, बत्तीस किंवा चौतीसची बसवून घ्या. जुन्या डिरेलरला (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला) ती चालेल का, हे दुकानातल्या मेकॅनिकला विचारूनच. हलकी सायकल घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आणि फायदा कितीतरी जास्त.

चढताना सीटवर थोडं मागे बसा, खांदे सैल, हँडल घट्ट आवळायचं नाही. अधूनमधून वीस-तीस पेडल उभं राहून मारले की कंबरेला आराम पडतो, पण उभं राहण्याआधी एक गिअर वर, म्हणजे जड, टाका, नाहीतर पाय रिकामा फिरतो. तीव्र वळणांवर आतल्या कडेला चढ जास्त असतो. मागून-समोरून गाडी नसेल तर जरासं बाहेरून वळा. मात्र वळणापलीकडचं दिसत नसेल तर आपली डावी कड सोडायची नाही. या घाटात बसचे जीवघेणे अपघात झालेले आहेत. एसटी आणि जीप वळण घेताना रस्त्याची जवळपास पूर्ण रुंदी घेतात. हॉर्न ऐकला की थांबून कडेला उभं राहण्यात काहीही कमीपणा नाही.

मी दोनदा थांबले. एकदा पाण्याला आणि एकदा नुसती दरीकडे बघत. काका मागे पंधरा-वीस फुटांवर शांतपणे येत होते, एकदाही 'चला चला' म्हणाले नाहीत. ग्रुप निवडताना हीच गोष्ट विचारा: स्वीप आहे का, आणि मागचा पोचेपर्यंत पुढचे वर थांबतात का? वेग किती, हा प्रश्न त्यानंतरचा. शेवटच्या टप्प्यात गावातली घरं दिसायला लागतात आणि वाटतं की आलंच. अजून थोडा चढ बाकी असतो, तिथे घाई करू नका. वर पोचले तेव्हा पुढचे सगळे भिंतीवर बसलेले होते आणि माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी सांगून ठेवलेली होती. फार बरं वाटलं. ग्रुप म्हणतात तो हाच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडायची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलचं वातावरण आहे याचा आपल्याला अभिमान आहेच. पण माझ्यासारखीला घाट चढवतात ती मागे थांबणारी माणसं.

दर्शनाला जायचं असेल तर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारी खाच तळाला असलेले) बूट घालून पायऱ्या चढू नका, घसरायला होतं. पिशवीत साधी चप्पल टाकली तर बरं. पाय संपले असतील तर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, खुशाल तिने जा. सायकलींपाशी एक माणूस बसवा, आणि बसलेल्या माणसाकडे खाऊ ठेवू नका, माकडं पिशवीची चेनसुद्धा उघडतात.

उतार चढापेक्षा जास्त गंभीरपणे घ्या. घाटात उतरताना वेग जास्त असतो, आणि तेव्हा आपण दमलेले असतो. वर असतानाच दोन्ही ब्रेक दाबून बघा. विंडचीटर परत चढवा, कारण घामाच्या अंगावर वारा लागून हात थरथरतात. वळणात शिरण्याआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक आवळू नका. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, वजन त्याच्यावर, नजर जिथे जायचंय तिथे. ब्रेक सतत घासत ठेवू नका: दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेकवाल्यांची (ब्रेकचे रबर थेट चाकाच्या कड्याला घासतात त्यांची) रिम सतत घासून इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. वळणावर बारीक खडी पसरलेली असते, मध्येच शेळ्या येतात. उतरताना एकमेकांत चांगलं चार-पाच सायकलींचं अंतर हवं, आणि इथे ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, अजिबात नाही.

परतीचा रस्ता ऊन आणि रहदारीचा. नांदुरीला सगळे जमल्यावर पुन्हा एका ओळीत निघालो आणि दिंडोरीत, आता हक्काने, मिसळ खाल्ली. म्हसरूळपासून शहराची गर्दी लागते. दमलेल्या अवस्थेत सिग्नलला घाई होते, तिथे जपा. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, पंप आणि आधारकार्डाची प्रत प्रत्येकाकडे हवी, 'ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असेल' हे चालत नाही. गाडीतून मागे येणारा कुणी नसेल तर नांदुरीहून किंवा वणीहून सायकल टाकून परत आणायला पिकअप मिळते, त्यासाठी थोडे पैसे रोख ठेवा.

जायची वेळ निवडताना नवरात्र टाळा, तेव्हा खासगी वाहनं नांदुरीलाच अडवतात आणि घाटात एसटीची सतत ये-जा असते. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा ही चैत्र यात्रा. खानदेशातून हजारो लोक उन्हात पायी येतात, तो रस्ता त्यांचा असतो. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, पण दरड आणि शेवाळ दोन्ही असतं, पहिल्या खेपेला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवारी पहाटे, आणि नऊच्या आत नांदुरी सोडून घाटाला लागायचं. त्यानंतर दर्शनाच्या गाड्या वाढत जातात.