कॅरॅव्हॅन घेताना किमतीवर भांडले, दुरुस्तीवर भांडायचं राहिलं

किंमत ८ लाख ७५ हजारांवरून ८ लाख १० हजारांवर आणली त्या दिवशी मी खूश होऊन घरी आले होते. आज विचाराल तर त्या ६५ हजारांतले निम्मे परत देऊन मी ऑर्डर फॉर्मवर एक ओळ लिहून घेतली असती: वॉरंटीतलं काम कुठे होणार आणि किती दिवसांत होणार. ती ओळ नव्हती म्हणून आमचा अख्खा पावसाळा एका कोपऱ्यातून गळणाऱ्या पाण्यात गेला.

कॅरॅव्हॅन ट्रेलर म्हणजे गाडीमागे हिचला, म्हणजे जोडणीच्या आकड्याला, जोडून ओढायची छोटी खोली. आमची साधारण १४ फुटी आहे. आत पलंग, ओटा, फ्रीज आणि कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचं. टॉयलेट हेच घेण्याचं खरं कारण. माझे बाबा ७६ वर्षांचे, त्यांना प्रोस्टेटचा त्रास, आणि गणपतीला ठाण्याहून देवगडला जायचं म्हणजे जायचंच. पनवेल सोडलं की तासातासाने थांबावं लागतं. हायवेवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था बघून बाबा प्रवासात पाणी प्यायचंच बंद करायचे. एका वर्षी महाडला पोचेपर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडलेले पाहिले आणि मी ठरवलं, पुढच्या वर्षी असं न्यायचं नाही.

भाव ठरवायला मी आणि माझा नवरा नवी मुंबईतल्या एका डीलरकडे तीनदा गेलो. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं मात्र सेल्समन ह्यांच्याकडे बघून द्यायचा. "सर, रात्रभर एसी चालतो बॅटरीवर." मी तिथेच फोनवर हिशोब केला. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॅट-अवर, सव्वा युनिट. एक टनाचा एसी चालू असताना ताशी साधारण एक युनिट खातो. म्हणजे सव्वा तास, इन्व्हर्टरमधली घट धरली तर तेवढाही नाही. आकडे समोर ठेवल्यावर तो माझ्याशी बोलायला लागला. दुसरी बॅटरी, स्टेपनी, हिच बसवायची मजुरी आणि बाहेर ओढायचं छत, हे सगळं मी त्याच किमतीत बसवून घेतलं. माझा अनुभव असा की मूळ किमतीपेक्षा अशा जोडवस्तूंवर हे लोक लवकर ऐकतात. आणि कोटेशन जीएसटी, नोंदणी, विमा, कारखान्यातून आणायचा खर्च सगळं धरूनच मागा. ट्रेलरची नोंदणी आणि विमा गाडीपेक्षा वेगळे असतात, हे आम्हाला दुसऱ्या भेटीत कळलं.

नोंदणी वगैरे सुरळीत झाली, एमएच ०४ ची पाटी लागली. सोसायटीने पार्किंगला नकार दिला. काल्हेरला एका गोदामाच्या आवारात महिन्याच्या भाड्याने जागा मिळाली.

मग जून आला. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस सलग पाऊस झाला आणि रविवारी मी कॅरॅव्हॅन उघडायला गेले. दार उघडताच कुबट वास. मागच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्याखाली गादी ओली, आणि पडदा भिंतीला चिकटलेला. बोटाने पॅनेल दाबलं तर आतला प्लाय किंचित दबला. चार महिन्यांची वस्तू. मी तिथेच गादीच्या कडेला बसले आणि डीलरला फोन लावला.

"मॅडम, पावसाळ्यात थोडं दमट होतंच. खिडक्या उघड्या ठेवत जा."

फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही. आठवड्याने एक मुलगा आला. खिडकीच्या चौकटीभोवती फटी बुजवायच्या सिलिकॉनची ट्यूब फिरवली आणि वीस मिनिटांत निघाला. जॉबकार्ड, म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद, मागितलं तर म्हणाला, "ऑफिसमधून पाठवतील, ताई." कोणी पाठवलं नाही. जुलैच्या पहिल्या पावसात तोच कोपरा पुन्हा ओला. पुन्हा फोन, पुन्हा तोच मुलगा, जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन.

इथे एक गोष्ट सांगते जी मला तेव्हा माहीत नव्हती. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून मगच नवं मारायचं असतं. जुन्यावर थर चढवणारा माणूस दिसला की तिथेच थांबवा.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा डीलरने हात वर केले. "बॉडी कारखान्याची आहे, त्यांच्याशी बोला." कारखान्याला फोन केला तर, "विक्री डीलरने केली, सर्व्हिस त्यांच्याकडून." वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, बॉडीला १ वर्ष, आणि फ्रीज, एसी, बॅटरी यांची वॉरंटी त्या त्या कंपनीची. बॉडीचं काम प्रत्यक्ष कोण करणार, याबद्दल एक शब्द नाही. दोघांच्या मध्ये मी अकरा दिवस फोन करत राहिले. ऑफिसमधून जेवणाच्या सुट्टीत, लोकलमधून, रात्री आठ वाजता. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. एकदा तर मला विचारलं, "सर आहेत का, त्यांना फोन देता का?" गाडी माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, तक्रार माझी. मी शांतपणे सांगितलं की बोलायचं ते माझ्याशीच बोला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटी डीलर म्हणाला, वर्कशॉपला आणून ठेवा. आम्ही काल्हेरहून ऐरोलीमार्गे महापेला नेली. आधी पाण्याची टाकी रिकामी केली. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ते विनाकारण ओढू नये. तिथे कॅरॅव्हॅन २३ दिवस उघड्यावर उभी होती. "काम चालू आहे" असं चार वेळा सांगितलं गेलं. "तयार आहे" म्हणाले म्हणून मी अर्धी रजा टाकून गेले. पडदा ओला. चौकटीभोवती चकाकणारा नवा सिलिकॉन, आणि त्याखाली जुना पिवळा पडलेला थर जसाच्या तसा. सुपरवायझर म्हणाला, "तुम्ही उतारावर लावता म्हणून पाणी साचतं." काल्हेरचं आवार सपाट आहे. मी सही न करता कॅरॅव्हॅन परत आणली. सही केली नाही हे फार बरं झालं, कारण त्यांच्या कागदावर "काम समाधानकारक" असं आधीच छापलेलं होतं.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गळती कुठून होते हे यांनी शोधलेलंच नाही. पाणी दिसतं तिथूनच आत येतं, असं प्रत्येकाने धरलं होतं. मी आधी ओल मोजायचा छोटा मीटर मागवला, दोन सुया टोचायचा. स्वस्त मिळतो. चांगल्या कोरड्या जागी आकडा १० ते १२ यायचा, खिडकीच्या कोपऱ्यात २८. खिडकीच्या वरचा भाग मोजला तर तिथेही २६. म्हणजे पाणी खिडकीच्या वरून येत होतं.

मग आमच्याकडे एसी सर्व्हिसिंगला येणाऱ्या दादांना विचारलं. त्यांच्याकडे कॉइल साफ करायचा ब्लोअर असतो. रविवारी त्यांना घेऊन काल्हेरला गेले. छताच्या व्हेंटला, म्हणजे हवेच्या झरोक्याला, पुठ्ठा लावला, त्याला गोल भोक पाडलं, ब्लोअरचं तोंड आत घालून कडेने टेप मारली. सगळ्या खिडक्या, दार, सिंकचं आणि जमिनीचं ड्रेन बंद केलं. ब्लोअर एकदम मंद. जोरात चालवला तर खिडक्यांच्या रबरावर ताण येतो, तेव्हा हे जपून करा. आत हवा दाबली गेली की बाहेरून साबणाचं पाणी फवारायचं. भांडी घासायचा साबण पाण्यात घोळून मी स्प्रेच्या बाटलीत भरला होता. खिडकीची चौकट फवारली, काही नाही. वरची पट्टी फवारली, काही नाही. मग शिडीवर चढून अगदी वरच्या कोपऱ्यातल्या लाल मार्कर दिव्याभोवती, म्हणजे रात्री कडा दाखवणाऱ्या दिव्याभोवती, फवारलं. दिव्याच्या खालच्या कडेला आधी दोन बुडबुडे आले, मग फेस यायला लागला, टपोरा, थांबेचना. दादा खालून म्हणाले, "ताई, सापडलं बघा." मी शिडीवरूनच व्हिडिओ काढला, हात थरथरत होता म्हणून तीनदा काढला.

दिवा काढून पाहिला. वायरसाठी पाडलेलं भोक वायरच्या दुपटीने मोठं, आणि त्यात सीलंटचा ठिपकाही नाही. पाणी त्या भोकातून आत शिरत होतं, पॅनेलच्या आतून प्लायवरून उतरत खिडकीच्या चौकटीपाशी अडत होतं आणि तिथून गादीवर येत होतं. तीन वेळा सिलिकॉन जिथे मारलं ती जागा पहिल्यापासून निर्दोष होती.

यानंतर मी त्या दोघांना फोन करणं पूर्ण बंद केलं. सगळं लेखी. डीलर आणि कारखाना दोघांना एकच मेल, दोघांची नावं समोरासमोर दिसतील अशी. त्यात बिल, वॉरंटीचं पान, तारीखवार यादी, मीटरचे फोटो, फेसाचा व्हिडिओ. खाली तीन मागण्या: दिव्याचं भोक नीट सील करणं, भिजलेला प्लाय बदलणं, प्रत्येक कामाचं जॉबकार्ड. मुदत १५ दिवस. तेच पत्र स्पीड पोस्टने. त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण कंपनीच्या कागदावर तक्रार चढते, आणि पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर आपण आधी प्रयत्न केला होता हे दिसतं.

आयोगाची धास्ती बाळगू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. डीलर कुठेही असो, कारखाना कुठेही असो, मी ठाण्यातच जाऊ शकत होते. दिलेली रक्कम ५ ते १० लाखांच्या दरम्यान असेल तर शुल्क २०० रुपये, ५ लाखांपर्यंत काहीच नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. हे सगळं मी मेलमध्ये एका साध्या वाक्यात लिहिलं होतं, धमकीचा सूर न लावता.

आठव्या दिवशी कारखान्यातून स्वतः सर्व्हिस मॅनेजरचा फोन आला, आणि पहिलं वाक्य होतं, "मॅडम, व्हिडिओ पाहिला." त्यांची दोन माणसं काल्हेरला आली. तिथेच काम केलं, कुठेही न्यावी लागली नाही. एक वयस्क कारागीर होते, त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने जुना सिलिकॉन चिमूट चिमूट खरवडला, पुसला, वायरला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी कडी, घातला, दिव्यामागे ब्युटिलची चिकट टेप लावली आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. आतलं पॅनेल कापून काळा पडलेला प्लाय बाहेर काढला. दोन दिवस पंखा लावून जागा वाळवली, मगच नवा प्लाय बसवला. बाकीचे सगळे मार्कर दिवेही त्यांनी स्वतःहून उघडून पाहिले. आणखी एकात तेच निघालं. शेवटी खालून वर, थोडं थोडं करत पाइपने पाणी मारलं, आत मी टॉर्च घेऊन बसले. कोरडं. जॉबकार्ड मिळालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

आता आठवलं म्हणून: ताबा घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. शेवटचे दोन वर्ष, आधीचे दोन आठवडा. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. नवीन वस्तूला जुने टायर लावलेले असू शकतात. पाइपने पाणी मारायची चाचणीही ताबा घ्यायच्या आधी, उन्हाळा असला तरी, डीलरच्याच आवारात करून घ्या, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या. मी फेब्रुवारीत घेतली, कोरड्या हवेत सगळंच चांगलं दिसत होतं.

गणपतीला गेलो. बाबांनी वाटेत पाणी प्यायलं, दोनदा चहाही. कशेडीच्या पुढे धो धो पाऊस लागला तेव्हा मी थांबवून मागे गेले, कोपऱ्यात मीटर टोचला. ११.

एक मुद्दा अजून बाकी आहे. वर्कशॉपमधले ते २३ दिवस वॉरंटीत वाढवून द्या अशी मागणी केली होती. कारखान्याने मेलवर होकार दिला, पण शिक्क्याचं पत्र आलेलं नाही. दर सोमवारी आठवणीचा मेल जातो, त्याच जुन्या साखळीत, दोघांनाही.