मीठ कुठाय?

रेक्याविकला आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता आणि पाऊस वरून खाली पडायचं सोडून चक्क आडवा येत होता, त्यामुळे मुंबईहून मिरवत नेलेली छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी झाली आणि पुढचे तीन तास काठी म्हणून हातात राहिली. त्या तीन तासांत गावातून पायी फिरत आइसलँडचं जुनं जेवण चाखायचं असा बेत. पैसे भरताना नवऱ्याने विचारलेलंच, एवढ्या पैशांत बसून नाही का जेवता येणार?

सुरुवात झाली बंदराजवळच्या एका टपरीवर, आणि तीही हॉट डॉगने! मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. पण ही टपरी 1937 पासूनची, बायारिन्स बेस्तु तिचं नाव, आणि सॉसेजमध्ये बीफ-पोर्कबरोबर मेंढीचं मटण असतं म्हणे. आपण वडापाववाल्याला 'सुकी चटणी जास्त' म्हणतो ना, तसं इथे गुपचूप 'एइना मेद ओट्लू' म्हणायचं, म्हणजे सगळं घालून एक. मग केचप, गोडसर मोहरी, रेमुलाद म्हणजे मेयोनीजसारखा एक सॉस, कच्चा कांदा आणि खाली कुरकुरीत तळलेला कांदा. 2004 मध्ये बिल क्लिंटन इथे आले आणि नुसती मोहरी लावून खाऊन गेले. एवढ्या लांब येऊन तळलेला कांदा नाकारणाऱ्या माणसाबद्दल मी काय बोलू.

पुढे एका दुकानात स्कीर. वाटीत पांढरं, घट्ट, आणि एक चमचा तोंडात गेल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याने माझ्याकडे. अहो, चक्का! साखर-वेलची पडायच्या आधीचा, फडक्यात बांधलेला चक्का! (हिशोबाने ते चीज धरतात, कारण विरजणासोबत दूध गोठवणारं रेनेटही घालतात, पण जिभेला हिशोब कळत नाही.) मी गाइडला म्हटलं, आमच्याकडे हे पाणी गळलं की आई त्यात कणीक भिजवते, तुम्ही काय करता? तर म्हणाली, ह्या पाण्यावर आमचे पूर्वज जगले. आधी मला वाटलं बाई नाटकी आहे, पण तिने समजावलं ते अजून डोक्यात फिरतंय.

प्रश्न मिठाचा होता. चारी बाजूंनी समुद्र, पण मीठ बनवायला एकतर ऊन पाहिजे नाहीतर समुद्राचं पाणी आटवायला लाकूड पाहिजे, आणि ह्या बेटावर ऊनही तुटपुंजं आणि झाडंही. मग थंडीची बेगमी कशी करायची? मटण आणि मेंढीचे काय काय अवयव (मेंढ्याच्या त्या दोन गोष्टींसकट) स्कीरच्या आंबट पाण्यात बुडवून ठेवायचे, काही मांस धुरावर धरायचं, तेसुद्धा लाकूड नसलं तर मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या धुरावर, आणि मासे वाऱ्याला टांगायचे. हे सगळं आता जानेवारी-फेब्रुवारीत थोराब्लोत म्हणून हौसेने सण करून खातात. म्हणजे ही आपली आगोटच की, फक्त पावसाऐवजी बर्फासाठी.

मी अलिबागकडची. आत्या मे महिन्यात बोंबील सुकवायची, मिठागराचं खडे मीठ पोत्याने घरात असायचं, आणि पावसाळ्यात मासेमारीची एकही होडी निघाली नाही तरी आमच्या ताटात काहीतरी असायचंच. म्हणून हार्दफिस्कुर हातात आला तेव्हा मला ओळखीचं माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं. कडक वाळलेला मासा, हातोडीने ठोकून मऊ केलेला, त्यावर लोण्याचा जाड थर लावून खायचा. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी नाक दाबून उभी होती आणि मी तिचाही तुकडा मागून घेतला, लाज वाटली नाही.

पण शार्कने माझा सगळा माज उतरवला. हाऊकार्टल म्हणतात त्याला. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून जुन्या पद्धतीत ते दगडाखाली दाबून खडीत पुरतात, सहा ते बारा आठवडे, आणि मग महिनोन् महिने उघड्या शेडमध्ये टांगतात. हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल आणि त्याआधी किती जण गेले असतील! टूथपिकवर चौकोनी तुकडा येतो. वास थेट एसटी स्टँडच्या मुतारीचा, खोटं कशाला बोलू, आणि चव मात्र वासाच्या मानाने सभ्य, जुन्या चीजसारखी, मग उशिराने नाकातून अमोनिया परत वर येतो. त्यावर लगेच ब्रेनिविन ह्या दारूचा एक घोट, ज्याला ते लाडाने काळा मृत्यू म्हणतात आणि ज्यात मला शहाजिऱ्याचा वास आला. नवरा दोन घोट प्यायला, शार्कशिवाय.

शेवटी हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चच्या समोर राय ब्रेडचं आइस्क्रीम. हा काळा गोडसर ब्रेड काही ठिकाणी भांड्यात भरून गरम जमिनीत पुरतात आणि चोवीस तासांनी काढतात. ह्या लोकांना काहीही दिलं तरी पुरूनच ठेवतील असं नवरा हळूच म्हणाला, आणि ते आइस्क्रीम दोन वाट्या संपवलं. जास्त खाल्लं की पोटात गडगडाट होतो म्हणून ब्रेडला गडगड्या अशा अर्थाचं नाव आहे. रात्री हॉटेलात त्याची प्रचिती आली आणि त्यात नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास, त्यामुळे कोणाला दोष द्यायचा ते ठरेना.

परत येताना हार्दफिस्कुरचं एक पाकीट घेतलं. आता आत्या ऐंशीची आहे, दात थोडेच उरलेत, पण तिने तुकडा तोंडात धरून बराच वेळ चघळला, डोळे मिटले, आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो. मग म्हणाली, "मासा चांगला हाय गो. पण मीठ कुठाय?"