बांधावरचा बिनकामाचा लिंब

परभणीकडं आमच्या बांधावर एक लिंब आहे. आतून पोकळ, अंगभर गाठी. वडिलांनी दाराच्या चौकटीसाठी सुतारमामांना दाखवला. मामांनी वाकसाचा दांडा बुंध्यावर दोनदा ठोकला. ‘ह्याची फळी निघत नाही दादा, राहू द्या.’ राहिला. आता खुरपणीच्या बाया त्याच्याखालीच भाकरी सोडतात.

इसवी सनपूर्व 4थ्या शतकातल्या च्वांगत्सू या चिनी विचारवंताच्या ग्रंथात हेच झाड भेटलं. तिथंही सुतारच! होडी केली तर बुडेल, शवपेटी केली तर कुजेल, म्हणतो. रात्री झाड स्वप्नात येऊन त्यालाच झापतं: फळझाडांचे हाल बघ, फळांपायी फांद्या मोडतात. बिनकामाचं व्हायला मला किती दिवस लागले!

मला आवडते ती दुसरी गोष्ट. तिथंही निरुपयोगी झाड वाचतं. पण पाहुण्यांसाठी हंस कापायची वेळ येते, तेव्हा न ओरडणारा, म्हणजे बिनकामाचाच कापला जातो. शिष्य गोंधळतात. च्वांगत्सू हसून म्हणतो, कामाचा अन् बिनकामाचा, दोन्हींच्या मधे राहीन. अन् लगेच, तेही पुरतं खरं नाही म्हणतो.

वडिलांना फोनवर सांगितलं. ‘हंसाचं काय चुकलं मग?’ एवढं विचारलं अन् फोन ठेवला. लाइट आली होती, मोटर चालू करायची होती.