सोल्याची आमटी आणि पनीरच्या प्लेटा

वर्धा जिल्ह्यात, जामच्या चौकापासून थोडं आत, एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी आचारी आहे. डिसेंबरात मालकांनी हिवाळ्याची नवी पाटी लावली: सोल्याची आमटी, भरीत, सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर), ज्वारीची भाकर. त्यांच्या मागे लागून लागून मीच ती लावायला लावली होती, त्यामुळे पहिल्या रविवारी पोटात गोळा होता. घरी खातो तेच पैसे देऊन कोण खाईल?

गावातल्या दोन बाया सकाळपासून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. किलोभर शेंगांतून अर्धा किलोही सोले निघत नाहीत, आणि शेंग एकदा वाळली की ती डाळीचीच. अर्धे सोले तेलावर परतून हिरवी मिरची, लसूण, सांबारासोबत भरड वाटायचे, बाकीचे आख्खे सोडायचे. मिक्सर जरा जास्त फिरला की चटणी होते, म्हणून मी पाट्यावरच वाटतो. वांगी भाजायला पऱ्हाट्याच, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्याच पाहिजेत. कपाशी अजून शेतात उभी, म्हणून मागच्या सालच्या पऱ्हाट्या मागच्या शेडात पेटवल्या होत्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही.

दुपारी आमचे नेहमीचे गिऱ्हाईक आले, कापसाचे व्यापारी. या वेळी सोबत नागपूरचे पाहुणे. मुलीच्या सोयरिकीची बोलणी होती. वेटर पाटीवरचं सांगू लागला, तर त्याला बाजूला ओढून म्हणाले, "पाव्हण्याइले वांगे-भाकर घालू काय बे? पनीर आण."

पनीर गेलं. तंदुरी रोटी गेली. मी गप.

आमच्याकडे ड्रायव्हर लोक मागच्या शेडात जेवतात, चुलीजवळ. पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं सरळ हिवाळी थाळी मागितली. भाकर चुरून, त्यावर आमटी ओतून, कच्चा कांदा फोडून असा बसला होता की मला बरं वाटलं. तेवढ्यात मुलाचे आबाजी हात धुवायला मागे आले. ताटाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि ड्रायव्हरसमोरच्या खाटेवरच बसले.

"मले काऊन नाई देल्लं हे?"

मी काय सांगणार? ताट वाढलं. थोड्या वेळानं व्यापारी शोधत आले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आबाजींनी मात्र बोट चाटत त्यांनाच विचारलं, "तुमच्या वावरात तूर हाय ना?" मग मुलाचे वडील आले, काका आले. खाट पुरेना. सोले संपले. शेवटच्या दोघांना भरतावर भागवावं लागलं. मुलगी तेवढी आत बसून निवांत पनीर खात होती. तिला ते खरंच आवडतं म्हणे.

बोलणी त्या खाटेवरच झाली. काय ठरलं ते विचारणं माझं काम नाही.

बिलात पनीर लागलंच होतं, निम्म्या प्लेटा जशाच्या तशा परत आल्या तरी. व्यापाऱ्यांनी घासाघीस केली नाही. रात्री मालकांनी पाटी उतरवली आणि थाळीपुढचे 150 पुसून 170 लिहिले. म्हटलं, मालक, वरचे वीस शेंगा सोलणाऱ्या बायांना द्या, उद्या दुप्पट सोले लागतील.

"पाहू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगांचं पोतं दुप्पट आलं. बाया दोनच.