अपडेट मारण्याआधी, कमिट करण्याआधी

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला कमांड द्यायच्या भाषेत) नवशिक्याच्या हातून डेटा बिघडतो तो बहुतेक वेळा अपडेट या बदल करणाऱ्या कमांडच्या व्हेअरमध्ये, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ते ठरवणाऱ्या अटीत. काय बदलायचं हे त्याला पक्कं माहीत असतं, पण कोणकोणत्या ओळी बदलतील याचा नुसता अंदाज असतो. तो अंदाज डेटाला हात लावण्याआधी तपासता येतो, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

समजा नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानाचं ग्राहक टेबल आहे. बुटीबोरीला माल घरपोच द्यायचं शुल्क ४० रुपये आहे, ते ६० करायचं आहे. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा.) अपडेट लिहायच्या आधी हे सिलेक्ट चालवा, ते ओळी फक्त दाखवतं, बदलत नाही:

सिलेक्ट आयडी, नाव, परिसर, शुल्क, ६० ॲज नवे_शुल्क फ्रॉम ग्राहक व्हेअर परिसर = 'बुटीबोरी' अँड शुल्क = ४०;

जुना आणि नवा आकडा शेजारीशेजारी दिसतो. समजा ३७ ओळी आल्या, तर ३७ हा आकडा लिहून ठेवा. पुढे त्याचंच काम आहे.

आता उलट बाजूही बघा: ज्या ओळी यायला हव्या होत्या, त्या सुटल्या का? कोणी 'बुट्टीबोरी' लिहिलेलं असतं, कोणी 'बुटीबोरी एमआयडीसी'. सीताबर्डीचं तर विचारूच नका. निम्म्या नोंदी 'बर्डी' अशाच असतात. सिलेक्ट परिसर, काउंट(*) फ्रॉम ग्राहक ग्रुप बाय परिसर; एवढं चालवलं की सगळे अवतार समोर येतात.

अँड शुल्क = ४० ही अट मुद्दाम घातली आहे. सेट शुल्क = शुल्क + २० असं लिहिलं आणि चुकून दोनदा चाललं, तर शुल्क ८० होतं. अटीत जुनी किंमत असली की दुसऱ्या वेळी शून्य ओळी बदलतात. आणखी एक सापळा ऑरचा. परिसर = 'बुटीबोरी' ऑर परिसर = 'हिंगणा' अँड शुल्क = ४० असं लिहिलं तर अँड आधी जोडलं जातं, त्यामुळे ४० ची अट फक्त हिंगण्याला लागते आणि बुटीबोरीच्या सगळ्याच ओळी सापडतात. ऑरच्या दोन्ही अटी कंसात घाला.

मग जुन्या डेटाची प्रत. टेबल काही हजार ओळींचं असेल तर सरळ सगळंच उचला: क्रिएट टेबल ग्राहक_जुने ॲज सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक; अशा प्रतीत प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) आणि इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) येत नाहीत, पण आपल्याला फक्त जुन्या किमती हव्या आहेत. ही प्रत ट्रान्झॅक्शन (कमिटने पक्का किंवा रोलबॅकने रद्द करता येणारा बदलांचा गट) सुरू करण्याआधीच करा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये क्रिएट टेबल, ऑल्टर, ट्रंकेट या कमांड उघडं ट्रान्झॅक्शन गुपचूप कमिट करून टाकतात.

आता खरं काम:

स्टार्ट ट्रान्झॅक्शन;
अपडेट ग्राहक सेट शुल्क = ६० व्हेअर परिसर = 'बुटीबोरी' अँड शुल्क = ४०;

व्हेअर पुन्हा हाताने लिहू नका, सिलेक्टमधला जसाच्या तसा कॉपी करा. आणि अख्खं अपडेट एकाच ओळीत ठेवा. बऱ्याच टूलमध्ये माउसने जेवढा मजकूर निवडला तेवढाच चालतो. व्हेअर खालच्या ओळीवर असेल आणि माउसने वरचीच ओळ धरली गेली, तर सगळ्या नागपूरचं शुल्क ६० होतं.

उत्तरात ३७ ओळी बदलल्या असं आलं, तर पुन्हा सिलेक्टने बघा (या वेळी शुल्क = ६० ची अट घालून) आणि मगच कमिट; करा. ३८ आलं तरी रोलबॅक; करा आणि ती एक ओळ शोधा. "एकच तर आहे" म्हणून पुढे जाऊ नका. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून तर्री-पोहे खायलाही जाऊ नका. त्या ओळी लॉक असतात, काउंटरवरचा माणूस त्याच ग्राहकाची नोंद बदलायला गेला तर अडकून बसतो, आणि इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं नेहमीचं इंजिन, म्हणजे टेबल साठवणारा भाग) डिफॉल्ट ५० सेकंदांनी त्याला एरर येते.

रोलबॅक कुठे चालत नाही, हेही माहीत हवं. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट आधीपासून चालू असतं, म्हणजे स्टार्ट ट्रान्झॅक्शन विसरलात तर अपडेट तिथल्या तिथे पक्कं होतं. टेबल मायआयसॅम इंजिनवर असेल तर ट्रान्झॅक्शनच नाही. पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून मायएसक्यूएल वापरायचं टूल) प्रत्येक वेळी 'गो' दाबलं की वेगळं कनेक्शन होतं, त्यामुळे आत्ता स्टार्ट आणि नंतर रोलबॅक असं जमत नाही. तिथे सिम्युलेट क्वेरी हे बटण आहे, ते किती ओळींवर परिणाम होईल हे आधी दाखवतं.

कमिटनंतर चूक कळली तर ग्राहक_जुने कामी येतं. मायएसक्यूएलमध्ये:

अपडेट ग्राहक जॉइन ग्राहक_जुने ऑन ग्राहक.आयडी = ग्राहक_जुने.आयडी सेट ग्राहक.शुल्क = ग्राहक_जुने.शुल्क व्हेअर ग्राहक.शुल्क = ६० अँड ग्राहक_जुने.शुल्क = ४०;

फक्त शुल्काचा कॉलम परत आणा, अख्खं टेबल नाही. मधल्या वेळात कोणाचा फोन नंबर बदललेला असू शकतो, आणि जुनं टेबल वर टाकलं तर तो पुसला जाईल. हे अपडेटसुद्धा आधी सिलेक्ट म्हणून चालवा, ओळी मोजा, ट्रान्झॅक्शनमध्येच करा. आणि महिन्याची बिलं जुळेपर्यंत ग्राहक_जुने ड्रॉप करू नका.