तुम्ही विचारलंत म्हणून: पावती जोडलीय का?

वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले की काउंटरवरची मुलगी दर खेपेला विचारते, आणि हल्ली मागे रांगेत उभी असलेली मंडळीही विचारायला लागली आहेत. "काकू, एक खुनाचं आणि एक डाएटचं! ही जोडी कशी काय जमते तुम्हाला? आणि त्यातलं चांगलं कुठलं ते तरी सांगा." उभ्या उभ्या काय सांगणार? "दोन्ही बरी आहेत गं" म्हणून मी सटकते. आज सवडीने सांगते.

खुनाचं वेड जुनं. आमच्या काकांच्या ट्रंकेत बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार आणि काळापहाड होता; त्या ट्रंकेच्या किल्लीसाठी मी काकांचे पायही चेपले आहेत. पुढे कॉलेजात सुहास शिरवळकर. डाएटचं प्रकरण मात्र दोन वर्षांपूर्वीचं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरवर आहात, खाण्याचं सांभाळा." काय सांभाळायचं, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. मग मी वाचनालय गाठलं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण माझी सगळी आवडनिवड तिथून आली आहे. तीस वर्षं मी हिशेब तपासले. डोंबिवलीहून लोकल पकडायची, दिवसभर लोकांची प्रवासभत्त्याची बिलं उलटायची आणि तोंडाने एकच घोष: "पावती जोडलीय का?" एकदा एका साहेबांनी एकट्याच्या दौऱ्याला जेवणाची पावती लावली होती, तीत चार सुरमई थाळ्या आणि सहा सोलकढ्या. साहेब म्हणाले, भूक लागली होती. सोलकढ्यांचं काय, ते मी विचारलं नाही. बिल परत पाठवलं.

म्हणून सेइचो मात्सुमोतो या जपानी लेखकाची 'पॉइंट्स अँड लाइन्स' मिळाली तेव्हा मी अक्षरशः उठून बसले. १९५८ची कादंबरी. फुकुओकाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर सकाळी एक पुरुष आणि एक बाई मेलेली सापडतात. शेजारी सरबताची बाटली, सायनाइड. प्रेमी युगुलाची आत्महत्या, असं म्हणून सगळे फाइल बंद करायला निघालेले. एक म्हातारा, साधासा पोलीस तेवढा अडतो. कशावर? मेलेल्या माणसाच्या खिशात रेल्वेच्या डायनिंग कारची पावती असते आणि तीवर लिहिलेलं असतं: 'एक व्यक्ती'.

बस. एवढंच. सोबत मरायला निघालेली बाई त्याच्याबरोबर जेवायला का गेली नाही? तो घरी जाऊन लेकीला विचारतो, की तुझ्या माणसाला भूक लागली आणि तुला नसली तर तू जाशील का सोबत? ती म्हणते, जाईन की, निदान कॉफी घेईन. माझ्या तपासणीच्या आयुष्याचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं हो!

पुढे सगळा खेळ रेल्वेच्या वेळापत्रकाचा आहे. ती दोघं गाडीत चढताना साक्षीदारांनी पाहिलेली असतात. पण टोकियो स्टेशनच्या १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरची गाडी दिसायला मध्ये दुसरी गाडी नको, आणि त्या संध्याकाळच्या गर्दीत अशी मोकळी वेळ फक्त चार मिनिटांची. (आमच्याकडे असा साक्षीदार मिळणं कठीण. सकाळच्या फास्टला समोरचा फलाट राहू दे, आपला दुसरा हात कुठे आहे ते दिसत नाही.) मला त्या पुस्तकात आवडलं ते हे, की लेखक काही लपवत नाही. पावती आपल्यालाही दिसते, वेळापत्रक आपल्यासमोर पसरलेलं असतं. डोकं आपलं चालत नाही एवढंच. शेवट मला जरा घाईचा वाटला. बरंचसं एका लांबलचक पत्रात उरकून टाकलंय. पण तोवर पैसे वसूल झालेले असतात.

दुसरं वाचलं केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', २००५चं. खून कुणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकतात, तरी पुढची दोनशे-तीनशे पानं आपण चकतो. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी एक बाई, आणि शेजारी राहणारा, तिच्याकडूनच रोज डबा नेणारा गणिताचा मास्तर. याच्यावरून काढलेला हिंदी सिनेमा आधी पाहिला असेल तर पुस्तक महिनाभर लांबवा. जास्त सांगत नाही, रांगेतल्या मंडळींचा शाप लागेल.

आता डाएटची पुस्तकं. इथे माझं मत जरा तिखट आहे. बहुतेक पुस्तकांत गुन्हेगार मुखपृष्ठावरच छापलेला असतो. कधी तेल, कधी भात, कधी गहू, कधी फळंसुद्धा. आणि पुरावा काय, तर 'माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं चौदा किलो वजन उतरलं'. उतरलं असेल. पावती? त्या बाईंनी आणखी काय काय केलं, आणि ज्यांचं उतरलं नाही त्या कुठे गेल्या? अशी चार-पाच पुस्तकं मी पन्नासाव्या पानावरून परत केली.

टिकलं ते क्रिस व्हॅन टुलेकेन या ब्रिटिश डॉक्टरचं 'अल्ट्रा-प्रोसेस्ड पीपल', २०२३चं. हा गृहस्थ महिनाभर ८० टक्के कॅलरी कारखान्यातल्या पाकीटबंद खाण्यातून घेतो आणि स्वतःला तपासून घेतो. पण मी जिंकले गेले ते त्यातल्या दुसऱ्या एका प्रयोगाने. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये अमेरिकेत २० माणसं दवाखान्यात ठेवून घेतली. दोन आठवडे पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साधं, प्रक्रिया न केलेलं जेवण. दोन्हींत साखर, चरबी, मीठ, तंतू समोर ठेवताना जुळवलेले, आणि सांगितलं काय, तर हवं तेवढं खा. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. माणसं थोडी, दिवस थोडे, हे कबूल. पण हिशेब मांडलेला आहे, मोजमाप आहे. याला मी सही करते.

ते वाचून मी आमच्या डब्यातला 'पौष्टिक' बिस्किटांचा पुडा चष्मा लावून वाचला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे ठाऊक असलं की पाठची बारीक अक्षरंही पावतीसारखी वाचता येतात. समोर गव्हाच्या लोंब्या, मागे पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पाम तेल. आमचे हे म्हणाले, "तू आता बिस्किटांवर पण शेरा मारणार?" मारला. पुडा मात्र त्यांनी संपवला.

तरी त्या पुस्तकाशी माझं एक भांडण आहे. ते वाचून वाटतं की घरचं ते सगळं निर्दोष. माझी साखर १९४ दाखवली ती उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीने, घरच्या तुपातल्या, घरच्या कढईतल्या. आपल्याकडचा मामला पाकिटांपुरता नाही. तो पोळी-भात-पोहे-साबुदाणा या रोजच्या, प्रेमाच्या माणसांचा आहे, आणि रहस्यकथांतही संशय नेहमी घरच्यांवर उशिरा जातो.

याचं उत्तर मला मिळालं ते पुस्तक म्हणता येणार नाही अशा एका फुकटच्या सरकारी दस्तऐवजात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शिका. १७ सूत्रं, भाषा सरकारी, मुखपृष्ठ असं की कुणी उचलू नये. पण त्यात लिहिलंय की धान्यांतून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांच्या आत ठेवा. आपल्या ताटात त्या ५० ते ७० टक्के असतात. आणि २००० कॅलरीच्या नमुना ताटात भाज्या ४०० ग्रॅम. एका माणसाला, एका दिवसाला.

आमच्याकडे पाव किलो गवार दोघांना दोन वेळा पुरायची. मी स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला. मेथीची जुडी निवडून झाल्यावर देठं जाऊन निम्मी सुद्धा उरली नाही. दोघांचे मिळून ८०० ग्रॅम भरेपर्यंत गाजर, काकडी, टोमॅटो, दुधी, अर्धा कोबी असं ओट्यावर मांडत गेले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं बिल स्वतःला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मंडईत पिशवी भरत होते, तेव्हा भाजीवाला म्हणाला, "काकू, घरी काही कार्य आहे का? किती पानं?"

म्हटलं, "दोनच."